कृष्णाकाठी एक वर्ष

जयसिंगपूरच्या बाजारपेठेतून शिरोळमार्गे नृसिंहवाडीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाचे फड लागतात, आणि मग ते संपतच नाहीत. मधूनमधून सोयाबीनचा एखादा तुकडा, वांग्या-मिरचीचा मळा आणि पांढरट पडलेली क्षारपड जमीन दिसते. अतिपाण्याने नासलेली ही जमीन शेतकरी आता खोलवर सच्छिद्र पाईप घालून, साचलेले पाणी बाहेर काढून पुन्हा लागवडीखाली आणत आहेत. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि नदीचे पात्र एकदम रुंद होते. या दोन नद्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याला काळी माती दिली, बारमाही पाणी दिले, आणि अधूनमधून महापूरही दिला.

जैन म्हटले की पेढी, अडत, सराफकट्टा आणि कापडाचे दुकान असेच चित्र व्यापारी कुटुंबांतील वाचकांच्या डोळ्यांपुढे येणार. या तालुक्यात मात्र जैन म्हणजे पहिल्याप्रथम शेतकरी. पाटील, मगदूम, चौगुले ही त्यांची आडनावे आणि ऊस हे त्यांचे पीक. पहाटे म्हशीची धार काढून झाली की बस्तीत अभिषेकाला जाणारे हे लोक. नांदणीचा मठ, कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर आणि तेथील २८ फुटी मूर्ती हे त्यांचे नित्याचे क्षेत्र. रयत शिक्षण संस्था उभी करणारे कर्मवीर भाऊराव पाटील याच मातीतले. त्यांचा जन्म कुंभोजचा. भगवान ऋषभदेवांनी लोकांना शिकवलेल्या असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प या षट्कर्मांत कृषी आणि वाणिज्य एकाच ओळीत बसलेली आहेत, हे शहरातल्या श्रावकाला क्वचितच आठवते.

अशाच एका नदीकाठच्या गावात पाच एकरांचे एक घर आहे. घराला उंच जोते, पुढे सोपा, डाव्या हाताला गोठा आणि परसात लिंबाचे झाड. घरात अण्णा, त्यांच्या पत्नी आक्का, थोरला मुलगा, सून आणि नात. धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला. आक्कांचे वय तेव्हा सत्तावन्न. शेताचा कारभार अण्णांचा, पण पैशाचा आक्कांचा. चार म्हशींचे दूध दोन वेळा संस्थेत घालायचे आणि दर दहा दिवसांनी येणारे बिल कनवटीला लावायचे, यावर घरातले मीठमिरची, नातीची फी आणि पाहुण्यांची लुगडी चालत. उसाचे बिल वर्षातून एकदा येई आणि बहुतेक सोसायटीच्या कर्जात जाई. दुधाचे पैसे मात्र घराचे श्वास होते.

२०१८ च्या भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झाले. आक्कांनी नेहमीप्रमाणे दहाही दिवस एकभुक्त धरले. गेली सहा वर्षे त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. व्रतात औषध कसले, आणि अर्ध्या उपाशी पोटी गोळी घेतली तर चक्कर येईल, या समजुतीने त्यांनी ती दहा दिवसांसाठी बंद केली. घरात कोणी विचारले नाही. विचारले असते तरी त्यांनी ऐकले असते असे नाही. सातव्या दिवशी पहाटे धार काढताना कासंडी त्यांच्या गुडघ्यांतून निसटली. दूध सांडल्याचा आवाज ऐकून सून गोठ्यात आली तेव्हा आक्का म्हशीच्या पायाशी कलंडल्या होत्या. तोंड एका बाजूला गेले होते, उजवा हात लाकडासारखा पडला होता आणि घशातून फक्त घरघर येत होती. मग त्यांना उलटी झाली.

शेजारीपाजारी जमले. ‘वारं गेलं अंगावरनं’ असे कोणी म्हणाले. अर्धांगावर तेल चोळणाऱ्या एका माणसाचे नाव निघाले. एका हितचिंतकाने तर रक्त पातळ करण्याची गोळी आणून हातावर ठेवली. सुनेने ती घेतली नाही. पक्षाघात दोन तऱ्हांनी होतो, एक मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन आणि दुसरा ती फुटून, हे तिला त्या क्षणी ठाऊक होते असे नाही. पण डॉक्टरने पाहिल्याशिवाय आत्तींच्या तोंडात काही घालायचे नाही, एवढे तिचे ठाम होते. सासूबाईंना त्या घरात ‘आत्ती’ म्हणतात. तिच्या या हट्टाचे मोल नंतर कळले. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत उपयोगी पडते. पण रक्तस्राव असेल तर रक्त पातळ करणारी कोणतीही वस्तू तो वाढवू शकते. बाहेरून दोन्ही रोगी सारखेच दिसतात. फरक कळतो तो सीटी स्कॅनसारख्या तपासणीने.

मिरजेला नेण्याचे ठरायला वेळ लागला नाही. या भागातला माणूस गंभीर दुखणे आले की मिरजेकडेच वळतो, आणि ही सवय सव्वाशे वर्षांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथे रुग्णालय उभे केले, आणि सतार-तंबोऱ्यांच्या या गावाची दुसरी ओळख दवाखान्यांचे गाव अशी झाली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि विजापूरकडचे रुग्ण आजही इथल्या गल्ल्यांतून कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन हिंडताना दिसतात. दवाखान्यांच्या अवतीभोवती खानावळी, औषधांची दुकाने आणि भाड्याच्या खोल्या यांचा एक वेगळाच बाजार उभा राहिला आहे.

स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या भागात, खोलवर, रक्त साकळलेले दिसले. डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो, आणि बहुतेक माणसांत भाषाही तिथेच असते. इतक्या खोलवरच्या रक्तस्रावात शस्त्रक्रिया नेहमीच हिताची ठरत नाही, आधी रक्तदाब उतरवायचा आणि मेंदूवरची सूज वाढते का ते पाहायचे, असे डॉक्टरांनी अण्णांना समजावले. साकळलेले रक्त शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. त्याला काही आठवडे लागतात. अण्णांनी एकच प्रश्न विचारला. जगेल का? डॉक्टर म्हणाले, पुढचे काही दिवस जाऊ द्या. ते दिवस अण्णांनी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर काढले, आणि अनंत चतुर्दशीही तिथेच गेली.

पैशाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा थोरला मुलगा जयसिंगपूरला गेला. छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेले हे गाव सरळ, रुंद रस्त्यांचे. त्याच्या पेठेत या घराचे सोयाबीन आणि भुईमूग वर्षानुवर्षे एकाच अडत दुकानात उतरत आले. अडत्याने वही काढली, रक्कम लिहिली आणि परतफेडीच्या रकान्यात काहीच लिहिले नाही. शेतकरी आणि अडते यांच्यातल्या कडवट गोष्टी सर्वांनाच ठाऊक आहेत आणि त्या खोट्याही नाहीत. पण ही गोष्टही त्याच पेठेतली आहे, म्हणून नोंदवायला हवी.

तीन आठवड्यांनी आक्का घरी आल्या. सोप्यात खाट टाकली गेली आणि घराचे सगळे वेळापत्रक त्या खाटेभोवती फिरू लागले. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दुबळ्या बाजूला निजवताना खांदा पुढे घ्यायचा आणि हाताखाली उशी द्यायची. उठवताना उजव्या हाताला धरून कधीही ओढायचे नाही, कारण स्नायू ढिले पडलेला खांदा सहज निखळतो. सोयाबीनचे पोते एका हिसक्यात पाठीवर घेणाऱ्या थोरल्याला हे शिकणे फार जड गेले. ओझे कसे उचलायचे हे त्याला माहीत होते. माणूस कसा उचलायचा हे बायकोने शिकवले.

गिळण्याची अडचण त्याहून नाजूक. पातळ पाणी सर्वांत धोक्याचे, कारण ते श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. आधी नाकातून नळी होती. आक्कांचा रात्रिभोजनत्याग लग्नाआधीपासूनचा. ज्या बाईने चाळीस वर्षे सूर्यास्तानंतर अन्न घेतले नाही, तिच्या नळीत रात्री दूध घालायचे का, यावर अण्णा आणि धाकटा यांच्यात पहिली मोठी वादावादी झाली. धाकट्याचे म्हणणे, शुद्धीत नसलेल्या माणसाला कसले व्रत? अण्णा म्हणाले, तिला शुद्ध नाही, आम्हाला तर आहे. अखेर सुनेने डॉक्टरांना फोन करून सरळ विचारले. डॉक्टरांनी दिवसभराच्या वेळा जवळजवळ घेऊन अन्नाचे माप पुरे करून दिले आणि औषधे सकाळी व सूर्यास्ताआधी अशी बसवली. दोघेही भांडायला तयार होते, पण विचारायला एकटी तीच गेली. नळी निघाल्यावर नाचणीची ताजी, दाट पेज आणि मऊ मुगाची खिचडी चमच्याचमच्याने भरवणे सुरू झाले. एक घास घ्यायचा, हनुवटी खाली करायची, गिळायचे आणि मग दुसरा घास. एका जेवणाला पाऊण तास लागे.

अण्णांचे काय झाले हे गावात चेष्टेचाही विषय झाले आणि कौतुकाचाही. उभ्या आयुष्यात स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या न भरलेला हा माणूस आता पत्नीची वेणी घालू लागला. पहिली वेणी दोरखंडासारखी झाली. दावे वळायची सवय हातांना होती, तीच कामी आली.

बोलणे मात्र परत येईना. आक्कांना समोरचे बरेचसे कळे, पण शब्द सापडत नसे. एकच शब्द तोंडात बसला होता, ‘पाणी’. भूक लागली तरी पाणी, ऊन लागले तरी पाणी, नातीला हाक मारायची तरी पाणी. घरच्यांनी त्यातल्या चढउतारावरून अर्थ लावायला शिकून घेतले. चूक झाली की आक्का डाव्या मुठीने खाट बडवत आणि मग रडू लागत. कधी कारण नसताना हसू येई आणि थांबत नसे. मेंदूच्या इजेनंतर हसण्या-रडण्याचा ताबा असा सुटतो, हे मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले तेव्हा घरच्यांच्या मनावरचे एक ओझे उतरले. तोवर कोणाला ते वेड वाटत होते, तर कोणाला दोष.

आणि मग कार्तिकातल्या एका सकाळी सुनेने काम करता करता मोठ्याने णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या पदाला तिच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. आक्का म्हणत होत्या. पूर्ण मंत्र, एकही अक्षर न अडखळता. मंत्र संपला, सून धावत जवळ गेली, ‘आत्ती, आता माझं नाव सांगा बघू,’ म्हणाली. आणि उत्तर आले, ‘पाणी’. गावात हा चमत्कार म्हणून सांगितला गेला. वैद्यकाला तो परिचयाचा आहे. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेले मंत्र, गाणी, आकडे आणि वारांची नावे हे जुळवून बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येते, आणि भाषेचे केंद्र दुखावले तरी ती वाट पुष्कळदा शाबूत राहते. चमत्कार नाही म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. उपचार करणाऱ्या बाईंनी तर त्याच धाग्याला धरले. आधी मंत्र, मग एक ते दहा आकडे, मग सोमवार ते रविवार, आणि त्या ओघात अलगद एखादा रोजचा शब्द. नात तिसरीत होती. आपले पहिलीचे जुने पुस्तक काढून ती रोज संध्याकाळी आज्जीला चित्रे दाखवी आणि चुकले की आपल्या बाईंसारखी रागावे. बोलण्याचा सराव घरात कोणी सातत्याने घेतला असेल तर त्या नऊ वर्षांच्या मुलीने.

मार्गशीर्षात परसात दोन लांब लोखंडी पाईप कमरेइतक्या उंचीवर खुंटांना बांधले गेले. त्यांच्या मधून आक्का चालू लागल्या. आधी दोन पावले, मग पाच. उजवा पाय ओढला जाई आणि चवडा जमिनीला अडके, म्हणून पायाला आधाराची पट्टी आली. हाताच्या व्यायामासाठी आणलेला रबरी चेंडू त्यांनी दोनदा फेकून दिला. मग सुनेने परातीत भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. त्या मात्र आक्का तासन्‌तास चाचपडत बसत. ज्या कामाला अर्थ आहे त्याचीच पुनरावृत्ती हाताला अधिक शिकवते, हे उपचाराचे तत्त्वच आहे. शेतकऱ्याच्या घरात अशा कामांना तोटा नसतो. सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते आणि नंतर वेग मंदावतो, हे सांगितलेले असल्यामुळे सगळ्यांना घाई होती. त्या घाईत आक्कांचा थकवा कोणी मोजत नव्हते. एका दुपारी त्या पाईप धरून तशाच खाली बसल्या आणि उठेनात. त्यानंतर दुपारची विश्रांती सक्तीची झाली.

दरम्यान दोन म्हशी विकल्या गेल्या. धार काढायला हात नव्हते आणि औषधांना पैसे नव्हते. पौषात थोरल्याने उरलेली जोडीही काढायचे ठरवले. गिऱ्हाईक दारात आले, सौदा ठरला, दावे सोडले. आक्का खाटेवरून उठल्या, काठीच्या आधाराने गोठ्यापर्यंत गेल्या आणि डाव्या हाताने दावे धरून उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. गिऱ्हाईकाला चहा पाजून परत पाठवण्यात आले.

पुढचा जुलै सरताना पाऊस लागला तो थांबेना. ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा कोल्हापूर-सांगलीकर विसरणार नाहीत. धरणांतून विसर्ग वाढत गेला, कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही पात्रे सोडून निघाल्या. प्रत्येक नदीकाठच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची एक खूण आहे आणि लोक त्या खुणेवर विश्वासून असतात. या घरात २००५ साली पाणी जोत्याच्या दोन पायऱ्या खाली थांबले होते.

‘पायरीला लागंना तवर हलायचं कशाला?’ अण्णा म्हणाले.

‘मामंजी, लागल्यावर आत्तींना खांद्यावरनं न्यायचं का होडीतनं?’ सुनेने विचारले. ‘आणि गोळ्या संपल्यावर?’

अण्णांकडे उत्तर नव्हते. महिनाभराची औषधे, दवाखान्याची फाईल आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले गेले. ट्रॉलीत गादी टाकून आक्कांना बसवले, मागे दोन्ही म्हशी बांधल्या आणि रस्ता सुरू असतानाच ट्रॅक्टर जयसिंगपूरकडे निघाला. गावातले पुष्कळजण २००५ च्या खुणेवर भरवसा ठेवून मागे राहिले. या वेळी पाण्याने ती खूण ओलांडली. पुढे होड्या आल्या, जवान आले, माळ्यावर अडकलेली माणसे निघाली; दावणीला बांधलेली जनावरे सगळ्यांचीच निघाली नाहीत. त्याच दिवसांत पलीकडे पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन जाणारी होडी उलटून माणसे बुडाली. आक्का आजारी नसत्या तर हे घरही अण्णांच्या पायरीवर थांबले असते, हे नंतर अण्णांनीच चारचौघांत सांगितले.

मुक्काम त्याच अडत्याच्या गोदामावरच्या खोलीत झाला. चौदा पायऱ्या होत्या. वर न्यायला खुर्ची आणली, पण आक्कांनी डाव्या हाताने कठडा धरला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी, हे परसात शिकवलेले त्यांना आठवत होते. प्रत्येक पायरीला त्या आकडा म्हणत होत्या. अकरावर अडल्या, कारण सराव दहापर्यंतचा होता. खालून नातीने ‘अकरा’ म्हणून ओरडून सांगितले.

पाणी उतरल्यावर घरी परतले तेव्हा भिंतींवर छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ होती. परसातले पाईप वाकले होते आणि ऊस शेंड्यापर्यंत गाळाने माखून कुजायला लागला होता. भरपाईच्या पंचनाम्याच्या रांगा, सोसायटीचे थकलेले हप्ते, अडत्याचे देणे हे सगळे तसेच होते आणि त्यातले पुष्कळ पुढेही अनेक महिने राहिले.

सप्टेंबरमध्ये दशलक्षण आले. आक्कांनी बोटाने दहा दाखवले आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. घर गप्प झाले. ‘नको’ म्हणण्याचे धैर्य थोरल्याला नव्हते, ‘हो’ म्हणण्याचे सुनेला नव्हते. शेवटी बस्तीतल्या एका वृद्ध श्राविकेने येऊन शेजारी बसत षोडशकारण भावनांची आठवण दिली. त्यांत त्याग आणि तप ही दोन्ही ‘शक्तितः’ सांगितली आहेत, आपल्या शक्तीच्या मापाने. ‘तुझी शक्ती आता डॉक्टरला माहीत, आक्का, तुला न्हाई,’ ती म्हणाली. डॉक्टरांना विचारले गेले. गोळी एकही दिवस चुकवायची नाही, पाणी पुरेसे प्यायचे, या अटींवर त्यांनी पहिल्या आणि शेवटच्या दिवशी एकभुक्त राहायला हरकत घेतली नाही. बाकीचे आठ दिवस आक्कांनी मीठ सोडले. रक्तदाबाला ते फायद्याचेच होते, पण हे सुनेने त्यांना सांगितले नाही.

अनंत चतुर्दशीला त्या चालत बस्तीत गेल्या. उंबरा उंच होता, तिथे तेवढा अण्णांनी हात दिला.

त्यानंतरच्या आठवड्यात पुरामुळे बंद पडलेली दूधसंस्था पुन्हा सुरू झाली. दोन म्हशींच्या दुधाचे पहिले बिल घ्यायला आक्का सुनेबरोबर स्वतः गेल्या. सचिवाने सवयीने अंगठ्याच्या शाईची डबी पुढे सरकवली. आक्कांनी ती डाव्या हाताने बाजूला केली आणि त्याच हाताने टेबलावरचे पेन उचलले. रांगेतल्या बायकांनी चरव्या खाली ठेवल्या. नाव पूर्ण व्हायला बराच वेळ लागला, आणि शेवटचे अक्षर रकान्याबाहेर गेले.